उद्यमबागेतलं मशीन शॉप: आधी विजेचा लोड कमी करू की सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट खातं) सावरू?

मंडळी, मदत हवी आहे. बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग मशिनिंगचं जॉबवर्क, दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (उभं मशिनिंग सेंटर), विजेचा मंजूर लोड ४० एचपी. सध्या एक शिफ्टही भरत नाही. मशीन बंद असलं तरी हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) फिक्स्ड चार्ज मंजूर एचपीवर लागतोच, म्हणून २५ वर आणायचा विचार आहे. काम परत आलं तर लोड वाढवताना पुन्हा डिपॉझिट. परवडतं का हे?

खरं दुखणं वसुलीचं. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने गिऱ्हाइकाने पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. इथं १२० दिवस सर्रास. ९० दिवसांवरची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये (प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेत) धरत नाही, त्यामुळे लिमिट कागदावर आहे तेवढीच, हातात कमी. सीसी ओव्हर होऊन साठ दिवस उलटले, म्हणजे एसएमए-२ (एनपीएच्या आधीचा शेवटचा इशारा-टप्पा). ९० ओलांडले की एनपीए (बुडीत वर्गातलं कर्ज), त्याआधी कर्जाच्या पुनर्रचनेचा अर्ज द्यायचाय. स्टॉक स्टेटमेंट, येण्यांची यादी आणि हातातल्या पीओ (खरेदी ऑर्डरी) सोडून मॅनेजर काय मागतात?

उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारी नोंद) बिलांच्या आधीची आहे, तेव्हा थकलेल्या बिलांसाठी सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर दावा करता येईल. पण अर्ज टाकला की गिऱ्हाईक तुटतं म्हणतात. कुणी टाकलाय का? निकालाआधीच तडजोड होते का, आणि डिलिव्हरी चलनावर नुसती सही, शिक्का नाही, अशी बिलं चालतात का?