चर्चासत्राचं बॅनर, १४ फोटो आणि 'वदिर्भ'

बांधावरचा_मास्तर (ब्रह्मपुरी तालुका)
आमच्या कॉलेजात झाडीबोलीवर, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीवर, एकदिवसीय चर्चासत्र आहे. मराठी विभागात आम्ही दोघंच. त्यातल्या त्यात मोबाइल मला बरा चालवता येतो, म्हणून बॅनर माझ्या गळ्यात पडलं. १० बाय ४ फुटांच्या बॅनरचं डिझाइन कॅनव्हावर केलं, दुकानदाराला व्हॉट्सॲपवर धाडलं. फोटो फुटतो म्हणून दुकानदारानं मजकूर मागितला, आपल्या जुन्या कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चिकटवला, अन् 'विदर्भ'चा 'वदिर्भ' होऊन आला. भाषेच्या चर्चासत्राला! वरून प्राचार्यांना बॅनरवर १४ जणांचे फोटो पाहिजेत. काय करू?

फ्लेक्सवाला
सर, दुकानदाराची चूक अर्धीच. जुन्या कोरलमध्ये श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. तुमचं मोबाइलवरचं युनिकोड टायपिंग तिथं गेलं की वेलांटी उडी मारते. मजकूर देऊच नका. डाउनलोड करताना 'पीडीएफ प्रिंट' घ्या, 'फ्लॅटन'वर टिक करा (अक्षरांचं चित्रच होते), अन् डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप त्याचा चेंदामेंदा करते. ५ बाय २ फुटांत १५० डीपीआयनं (इंचाला १५० ठिपके) केलं तरी पुरते, छापताना दुप्पट केलं की ७५ उरते. फ्लेक्स दुरूनच पाहाचा असते. एसटी स्टँडवरच्या ए-थ्री पोस्टरला मात्र ३०० ठेवा. तो पोपटी रंग काढा. छापल्यावर मळकट येते.

वडसेकर
सर, आमच्या वडशाच्या (गडचिरोली जिल्हा) नाटकांची पोस्टरं पाहा ना. दिवाळीनंतर गावोगावी लागतात. नाटकाचं नाव चालत्या मोटरसायकलवरून वाचता येते, खाली गाव अन् तारीख. तुमच्यात सगळ्यात मोठं कॉलेजचं नाव, मग संस्थेचं, मग 'उद्घाटक', 'बीजभाषक', 'सत्राध्यक्ष'. 'झाडीबोली' कोपऱ्यात चोरासारखी उभी. एक ओळ तरी झाडीबोलीत टाका जी.

बांधावरचा_मास्तर
फ्लॅटन केलं, वेलांटी जाग्यावर आली. 'झाडीबोली' दीड फूट उंच केली. आमंत्रणाची ओळ लिहून आजीला ऐकवली, तिनं दोनदा दुरुस्त केली. (मी पीएच.डी. आहे.)

फोटोंसाठी प्राचार्यांना माझ्या गाडीवर मागं बसवून गेटसमोरून नेलं, मागच्या वर्षीचं बॅनर दाखवलं. त्यांना स्वतःचाच फोटो सापडला नाही. ७ वर आलेत. सातवा कोणाचा, यासाठी उद्या ११ वाजता बैठक आहे.