'पट्टा खाल्ला म्हणून काय बिघडलं?' या पोस्टला उत्तर

अनघा_के:
सातारकरांनी लिहिलं, "आम्ही बापाचा पट्टा खाल्ला, मास्तरांची छडी खाल्ली, काय बिघडलं? बालपणीच्या आघाताचं हे खूळ अमेरिकेतलं." गप्प बसणार होते, पण खाली सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून लिहितेय. बालपणीच्या आघातांचा पुढे तब्येतीवर काय परिणाम होतो याचा मोठा अभ्यास तिकडचाच, अमेरिकेतल्या सॅन दिएगोचा, फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांचा, १९९८ ला छापून आला. पण सुरुवात झाली लठ्ठपणाच्या दवाखान्यात. चांगलं वजन उतरत असलेले पेशंटच उपचार सोडून जायला लागले, खोदून विचारलं तर कितीतरी जणांनी लहानपणीचे लैंगिक अत्याचार सांगितले. मग सतरा हजारांवर लोकांना लहानपणचा मार, अत्याचार, घरातली दारू, भांडणं असं सगळं विचारलं, साधारण दोन तृतीयांश लोकांना त्यातला किमान एक तरी अनुभव आलेला निघाला. चार किंवा जास्त असतील त्यांच्यात दारूचं व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न कितीतरी पट जास्त, हृदयविकारसुद्धा दुपटीच्या आसपास. आणि आपल्याकडे? २००७ चा केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अहवाल, १३ राज्यं, बारा हजारांवर मुलं, तिघांतल्या दोघांना मार. आता सांगा खूळ कुठलं.

सातारकर:
तिघांतल्या दोघांना मार म्हणजे अर्धा देश अंथरुणाला खिळायला हवा होता. मी ६८ चा आहे, एक गोळी चालू नाही. बापाने एक वेळ उपाशी राहून आम्हाला शिकवलं, त्याला आज गुन्हेगार ठरवायचं?

आकडेवाला:
काका, तुम्ही एकटे ठणठणीत आहात यावरून काही ठरत नाही. तुमच्या वर्गातले जे आधीच गेले ते इथे लिहायला येणार नाहीत. पण अनघा, तुम्हीही जपून. ते सगळं लोकांनी मोठेपणी आठवून सांगितलेलं, आणि बहुतेक जण विमा असलेले गोरे मध्यमवर्गीय. शिवाय असे किती अनुभव आले ते मोजणारा दहा प्रश्नांचा स्कोअर त्यातूनच आला, तो लोक राशीभविष्यासारखा वापरतात. खुद्द आंडांनीच २०२० मध्ये लिहिलंय की एकेकट्या माणसाचा धोका ठरवायला तो नाहीच.

सातारकर:
त्याच दहा प्रश्नांत 'आईवडील वेगळे झाले का' हेही आहे ना? मग घर मोडलं की पोरं आजारी पडतात हे तुमचाच अभ्यास सांगतो. आधी त्यावर बोला.

वैशाली_ठाणे:
हेच ऐकत आलेय मी. सासरचे, माहेरचे, शाळेतल्या बाई सगळे हेच, "वडील नाहीत ना घरात, म्हणून चिडका झालाय." तो चिडका झाला तेव्हा वडील घरातच होते हो! रात्री लॅचचा आवाज आला की पोरगं पलंगाखाली. मी बाहेर पडले तेव्हा कुठे त्याचं अंथरूण ओलं व्हायचं थांबलं. आणि वर मी घर मोडलं?

सातारकर:
वैयक्तिक घेऊ नका. सगळीच घरं तशी नसतात. हल्ली जरा खटकलं की कोर्ट.

वैशाली_ठाणे:
जरा खटकलं? तुम्ही होता का तिथे?

अनघा_के:
त्याच यादीत आईला मारहाण होताना बघणं हाही वेगळा प्रश्न आहे, घरातल्या कुणाची दारू हाही. वैशालीताई थांबल्या असत्या तर मुलाच्या नावावर ते दोन्ही वाढतच राहिले असते.

आकडेवाला:
वाढले नसते, हीच तर खोट आहे. वर्षानुवर्षं रोज बघितलेली मारहाण एक मार्क, समजुतीने झालेला घटस्फोटही एक मार्क. किती दिवस, किती वाईट, जवळ घेणारं कुणी होतं का, यातलं काहीच त्यात धरत नाहीत.

निवृत्त_बाई:
वैशालीताई, बत्तीस वर्षं शिकवलं म्हणून सांगते, त्या बाईंचं चुकलंच. पण आम्हाला जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशोब, त्यात साठ पोरं. कोण घाबरलंय हे बघायला वेळ कुणी दिला? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने छडी बंद केली, चांगलंच झालं, पण छडीच्या जागी समुपदेशक किती शाळांत आले ते सांगा.

वैशाली_ठाणे:
बाई, टोमणा मारायला वेळ होता ना?

सातारकर:
छडीचं मला अजून पटलेलं नाही. दारूचं मात्र मानतो, मानावंच लागेल. थोरल्या भावाने माझ्यापेक्षा जास्त खाल्ला, बाप प्यायला की तोच मधे पडायचा. पुढे तोही प्यायला लागला, पन्नाशीच्या आत गेला. पण त्याचं खापर एकट्या बापावर फोडू देणार नाही.

अनघा_के:
खापर कुणाच्याच डोक्यावर नको काका. पण मग 'काय बिघडलं' हे पोस्टमधून काढा.