दोन कनेक्शनवरून चाळीसवर: लायसन्स विकत घ्यायचं की मोफत आवृत्ती उभारायची?

एरंडवणेकर:
डिझाइनचं ऑफिस, माणसं ४०. घरून ऑफिसच्या जाळ्यात सुरक्षित शिरायला (व्हीपीएन) ओपनव्हीपीएन ॲक्सेस सर्व्हर आहे, तो मोफत मिळणाऱ्या दोन कनेक्शनवर चालू आहे. घरून काम करणारे वाढलेत, तिसरा माणूस आला की त्याला प्रवेश नाही. मशीन चार कोरचं, लाइन १०० एमबीपीएस. माझं मत, लायसन्स घेऊन मोकळं व्हावं. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं. आणि मोफत आवृत्ती कंपनीत वापरली की आपला कोड उघडा करावा लागतो, हे खरं का?

नळस्टॉप_रूट:
नाही, आणि ही समजूत मोडायलाच हवी. ओपनव्हीपीएनची मोफत, म्हणजे कम्युनिटी आवृत्ती जीपीएल २ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. हा परवाना प्रोग्रॅम चालवण्यावर बंधन घालत नाही. प्रोग्रॅम दुसऱ्याला वाटताना बंधन येतं. ऑफिसात चाळीस जणांनी वापरला तर कुणाला काही दाखवावं लागत नाही. उद्या तुम्ही ओपनव्हीपीएनमध्ये बदल करून तो राउटरमध्ये घालून गिऱ्हाइकांना विकलात, तर त्या बदललेल्या प्रोग्रॅमचा सोर्स द्यावा लागेल, किंवा निदान तीन वर्षं वैध असलेली तशी लेखी हमी. तुमची ड्रॉइंग किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर यात कुठेच येत नाही.

ॲक्सेस सर्व्हर ही निराळी वस्तू. गाभा तोच, पण वरचं वेब पॅनल आणि व्यवस्थापन मालकीचं, त्याला स्वतंत्र करारनामा. दोनची मर्यादा तिथली आहे. कम्युनिटी आवृत्तीत काही न सांगता १०२४ क्लायंट चालतात. मग दर कनेक्शनमागे दरसाल पैसे कशासाठी मोजायचे? आणि मर्यादा उडवलेल्या ‘क्रॅक’ प्रती फिरतात, त्यांना हातही लावू नका. तो करारभंग आहेच, शिवाय ऑफिसच्या दाराची किल्ली परक्याच्या हातात देणं आहे.

चिंचवड_ऑप्स:
कायद्याचं बरोबर, हिशेबाचं नाही. लायसन्सचे पैसे दिसतात, माणसाचे तास दिसत नाहीत म्हणून ते फुकट वाटतात.

कम्युनिटी आवृत्तीत प्रत्येकाची ओळख पटवणारी सर्टिफिकेटं ईझी-आरएसए या साधनाने तुम्ही काढायची. रद्द झालेल्या सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल, तिथे मुळात १८० दिवसांची असते. ती नव्याने काढायची राहिली की एका सकाळी चाळीसच्या चाळीस जण बाहेर, आणि लॉगमध्ये ‘सीआरएल एक्स्पायर्ड’ एवढीच ओळ. दुसरं, नेहमीच्या पद्धतीत एक ओपनव्हीपीएन प्रोसेस एकाच कोरवर चालते. तीन कोर रिकामे बसतात आणि लोक लाइनला शिव्या देतात. ॲक्सेस सर्व्हर कोरच्या हिशेबाने प्रोसेस स्वतःच उभ्या करतो. मोबाइलवरचा ओटीपी कोड, प्रोफाइल डाउनलोड, माणूस सोडून गेला की एका क्लिकवर बंद, हे सगळं तयार मिळतं.

फक्त किती कनेक्शनचं घ्यायचं ते नीट मोजा. मोजणी एकाच वेळच्या कनेक्शनची आहे, पगारपत्रकावरच्या नावांची नाही. लॅपटॉप आणि फोन दोन्ही जोडले की दोन धरा. पावसाळ्यात लाइन येते-जाते, तेव्हा जुनं सेशन टाइमआउट होईपर्यंत मोजणीत अडकून राहतं, म्हणून गर्दीच्या वेळेच्या आकड्यावर चार-पाच जास्तीची ठेवा.

पाषाण_५१८२०:
दोघेही जुन्या गल्लीत भांडताय. वायरगार्ड हा दुसरा व्हीपीएन २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच आहे, आवृत्ती ५.६ पासून. परवाना जीपीएल २, कनेक्शनची मोजणी नाही, काम सगळ्या कोरवर वाटलं जातं. चाळीस जण त्याला काहीच नाहीत. १०० एमबीपीएसची लाइन आधी भरेल.

खरी चूक लाइनवरच होते. सगळं इंटरनेट व्हीपीएनच्या बोगद्यातून आणलं तर प्रत्येक व्हिडिओ मीटिंग ऑफिसच्या लाइनवरून एकदा आत येते, एकदा बाहेर जाते. क्लायंटच्या ‘अलाउड आयपीज’मध्ये ०.०.०.०/० लिहू नका, ऑफिसचं जाळं तेवढं लिहा. आणि ते जाळं १९२.१६८.१.०/२४ असेल तर आधी बदला. घरोघरी राउटर त्याच पट्ट्यात असतात. जोडणी हिरवी दिसते आणि फाइल सर्व्हर मात्र उघडत नाही. १०.७३.२०.०/२४ सारखा काहीतरी आडवाटेचा पट्टा घ्या.

पिंग जातं पण मोठी फाइल कॉपी करताना अडकते, अशी तक्रार आली की एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार (बाइटमध्ये) बघा. वायरगार्डचा नेहमीचा १४२०. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या) लाइनचा १४९२ असतो, त्यातून वायरगार्डच्या वेष्टनाचे ८० वजा करून १४१२ ठेवा. मोबाइल नेटवर्कवाल्यांना ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद द्या, नाहीतर नॅटची (मधे होणाऱ्या पत्त्यांच्या अदलाबदलीची) नोंद पुसली जाते आणि ऑफिसकडून त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही.

चिंचवड_ऑप्स:
वेग मान्य. पण वायरगार्डला लॉगिनच नाही, किल्ली हीच ओळख. कुणी तीच फाइल लॅपटॉप आणि फोन दोन्हीवर टाकली की सर्व्हर कधी इकडे उत्तर पाठवतो कधी तिकडे, आणि दोन्ही अर्धवट चालतात. दोन जणांना चुकून एकच पत्ता दिला तर सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये शेवटी लिहिलेल्याला तो मिळतो, पहिला निमूट तुटतो.

आणि नोंदींचं काय? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपण्याची अट लोकांना व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना आहे, ऑफिसच्या अंतर्गत व्हीपीएनला नाही. पण लॉगमधून सुटका नाही. वायरगार्ड स्वतःहून जवळपास काहीच लिहीत नाही.

नळस्टॉप_रूट:
ते क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने भागतं. दर मिनिटाला ‘डब्ल्यूजी शो’ या वायरगार्डची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेचा डंप वेळेसकट वेगळ्या मशीनवर लिहा, किल्ली, बाहेरचा पत्ता, शेवटचा हँडशेक, डेटा, सगळं येतं. दर उपकरणाला वेगळी किल्ली आणि तिच्यापुढे माणसाचं नाव, हा नियम मोडू द्यायचा नाही. ओटीपी सक्तीचाच असेल तर मात्र मी ओपनव्हीपीएनकडेच जाईन, २.६ घेऊन, डीसीओ चालू करून. डेटाचं काम कर्नलमध्ये जातं. कॉन्फिगमध्ये ‘टोपोलॉजी सबनेट’ ही ओळ स्वतः लिहा. २.६ पर्यंत न लिहिल्यास दर क्लायंटमागे चार पत्ते जातात आणि /२४ चा, म्हणजे २५६ पत्त्यांचा पट्टा साठ-बासष्टवर संपतो.

एरंडवणेकर:
ओटीपी सक्तीचा आहे, मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये विचारतात. कोडबद्दलची भीती गेली. पण सीआरएल आणि लॉग दोन्ही सांभाळणारा पूर्णवेळ माणूस आमच्याकडे नाही, म्हणून मी अजून लायसन्सच्याच बाजूला.

पाषाण_५१८२०:
मग पैसे भरण्याआधी वेगळ्या मशीनवर कम्युनिटी आवृत्ती ११९५ पोर्टवर उभी करा, दहा जण महिनाभर तिथे वळवा. स्टेटस फाइल (त्या क्षणी कोण जोडलेलं आहे ती यादी) दर पाच मिनिटांनी साठवा, एका वेळी किती जोडलेले असतात तो आकडा हाती येईल. आणि जे काही ठेवाल ते यूपीएसवर ठेवा, ऑफिसच्या राउटरसकट. गुरुवारी महावितरण दुरुस्तीला लाइट घालवते तेव्हा सर्व्हर चालू आणि राउटर बंद, असं फार ठिकाणी दिसतं.