जुनी शिलाई मशीन घेतलीय, मदत हवी (सोसायटी ग्रुप)

ए-५०२: नमस्कार मंडळी, जरा मदत हवी होती. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून पायाची काळी उषा घेतली, स्टँडसकट साडेतीन हजाराला. चाक फिरतं पण खूप जड जातंय, आणि शिवलं की वरून टाका बरा दिसतो, खालून दोऱ्याचं नुसतं जाळं. मेकॅनिक बाराशे म्हणतोय, देऊ का?

बी-१०४: साडेतीन?? आम्ही आमची भंगारवाल्याला नऊशेला दिली 😭

बी-३०१ काकू: अगं थांब, एवढ्यात नको देऊस. खालून जाळं आलं की सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, शिव्या घालतात पण भानगड बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते, टेन्शनच्या त्या दोन चकत्या आहेत ना त्यांच्यात दोरा बसलेलाच नसतो. कापड दाबून धरणारं ते फूट वर उचल आणि मग दोरा ओव, फूट खाली असलं की चकत्या आवळलेल्या राहतात आणि दोरा वरच्यावर तरंगतो. आणि सुई आधी नवी घाल, कॉटनला चौदा नंबर, जीन्स शिवणार असशील तर सोळा. सुईच्या दांड्याची सपाट बाजू शटलकडे (खाली बॉबिन बसते तो भाग) आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा, उलटी लागली की टाकाच पडत नाही आणि लोक म्हणतात मशीन गेली

सी-२०२ काका: जड का जातेय ते बघा आधी. तेलाच्या भोकांना वास येतोय का कसला?

ए-५०२: हो काका, खोबरेलचा 🙈 आधीच्या मालकाने घातलं असणार

सी-२०२ काका: वाटलंच. खोबरेल, गोडंतेल काहीही ओततात लोक. सुकून चिकट होतं ते, आणि खोबरेल थंडीत थिजतं ते वेगळंच. पूर्वी आम्ही रॉकेल सोडायचो, आता शहरात मिळतंय कुठे. मशीनचं पातळ पांढरं तेल आणा, बोहरी आळीत मिळेल. पट्टा काढा, डोकं मागे कलतं करा, प्रत्येक भोकात आणि खालच्या सांध्यांवर दोन-दोन थेंब, चाक हाताने फिरवत राहा. रात्रभर ठेवा. सकाळी काळपट चिकटा बाहेर येईल तो फडक्याने पुसा आणि परत घाला. एका दिवसात होणार नाही, घाई करू नका.

सी-६०३: डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा ना, पाच मिनिटांत मोकळी

सी-२०२ काका: गंज सोडवायला ठीक आहे. पण नंतर तेल घालावंच लागतं, नाहीतर कोरडीच चालणार

सी-६०३: आणि सिंगर असती तर लाखात गेली असती बरं का, आत रेड मर्क्युरी नावाचा लाखमोलाचा पदार्थ असतो म्हणे 😎

सी-२०२ काका: काय राव. २००९ मध्ये सौदीत ही अफवा उठली होती, लोक सुईजवळ मोबाईल धरून बघायचे, फोन कट झाला की म्हणे मर्क्युरी आहे. कसलं काय, लोखंड आहे नुसतं.

अ‍ॅडमिन: उद्या टाकी सफाई, सकाळी ११ ते २ पाणी बंद. भरून ठेवा. मशीनचं चालू द्या

ए-५०२: अपडेट! सुई बदलली, काकू म्हणाल्या तसा दोरा ओवला, जाळं बरंच कमी झालं पण पूर्ण नाही. मग सुईखालच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले तर कापड सरकवणाऱ्या दातांच्या खाचांत अशी घट्ट बसलेली गादी निघाली, निळ्या जीन्सचे धागे, त्यात रुतलेलं तुटक्या सुईचं टोक. चिमट्याने ओढून काढली. किती वर्षांची होती कोण जाणे 🤢

बी-३०१ काकू: बघ! हेच साफ करायचे तुझे बाराशे. आता बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी) दोऱ्याला धरून लोंबकळत ठेव आणि हाताला हलका झटका दे, थोडीशी खाली सरकून थांबली तर बरोबर. धाडकन पडली तर सैल आहे, हललीच नाही तर घट्ट. केसवरचा तो बारका स्क्रू अगदी थोडासाच फिरवायचा हं, आणि खाली वाटी ठेव, तो स्क्रू पडला की फरशीवर सापडत नाही

ए-५०२: सरकून थांबतेय 🎉 तेलानंतर चाकही हलकं झालंय. पण पायडल मारलं की पट्टा घसरतो, आणि सुरुवातीला चाक मागेच जातं

सी-२०२ काका: चाक पहिल्यांदा हाताने आपल्याकडे फिरवायचं, मग पाय. उलटं गेलं की दोरा तुटतो. चामड्याचा पट्टा सैल झालाय, क्लिप उघडून अर्धा इंच कापा आणि पक्कडीने परत दाबा. फार ताणलात तर पुन्हा जड जाईल. आणि सुई शटलला लागतेय असा टकटक आवाज आला तर मात्र हात लावू नका, सुई-शटलचं टायमिंग गेलेलं असतं, तिथे मेकॅनिकला पैसे द्यायचे.

बी-१०४: मोटर बसवली तर?

बी-३०१ काकू: आधी पायावर हात बसू दे तिचा, मोटर काय, कधीही लागते

ए-४०२: ताई, मशीन हॉलमध्ये ठेवा हो, बेडरूममध्ये नको. आमच्या बाबांच्या डोक्यावर खडखड येते दुपारची. खाली रबर बिबर टाकता येईल का?

ए-५०२: सॉरी वहिनी, आजच हलवते

सी-२०२ काका: जाड रबरी मॅटचे चार तुकडे चारी पायांखाली. चारही सारख्या जाडीचे बघा, स्टँड डुगडुगला की शिलाई वाकडी जाते.