परिशिष्टांबद्दल थोडं

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या शेवटची परिशिष्टं म्हणजे निव्वळ भरताड, ती सरळ गाळा, असं काही जण म्हणतात. वंशावळींपुरतं मान्य. पण आरागॉर्न-आर्वेन या प्रेमिकांची पूर्ण कहाणी तिथेच आहे, आणि नायक फ्रोडोचा सोबती सॅमही म्हातारपणी अखेर समुद्रापार गेला हे तिथल्या सनावळीतल्या जेमतेम दोन-तीन ओळींतच कळतं. मूळ कादंबरी एकच. कागदाच्या खर्चापायी तिचे तीन खंड झाले. पहिले दोन 1954 मध्ये आले. दुसरा संपतो तेव्हा फ्रोडो शत्रूच्या ताब्यात! आणि तिसरा आला थेट ऑक्टोबर 1955 मध्ये, जवळजवळ अकरा महिन्यांनी, कारण टॉल्किनची हीच परिशिष्टं आटपत नव्हती. तेव्हाच्या वाचकांनी काय शिव्या घातल्या असतील!

मला त्यांचं दुःख कळतं. शाळेत असताना इथे बडोद्यात, दांडिया बाजाराजवळच्या एका वाचनालयातून दोन खंड आणले, तर तिसरा कुणीतरी नेऊन परत केलाच नव्हता. मी रोज रात्री हिंचक्यावर आजीला गोष्ट मराठीत सांगायचो, ती तिथेच अडकली. आजी रोज विचारायची, "अरे, त्या पोराला सोडवलं की नाही?" शेवटी मीच एक शेवट रचून सांगितला. दोन वर्षांनी खरा खंड हाती लागला आणि तो वाचून दाखवला, तर म्हणाली, "तुझाच बरा होता, त्यात पोराच्या हाताचं बोट शाबूत होतं."