टॅम्पॉन पहिल्यांदाच वापरतेय, जमत नाहीये, तारकर्लीच्या आधी शिकायचंय

भटकी_मांजर:
मैत्रिणींनो मदत हवीय. दिवाळीनंतर ऑफिसच्या ग्रुपबरोबर मालवण-तारकर्ली ठरलंय, स्कूबाचे पैसे भरून झाले आणि मग ॲप उघडून बघितलं तर पाळीची डेट बरोब्बर त्याच शनिवार-रविवारी. चुलत बहीण म्हणाली गोळ्या घे आणि ढकल पुढे, आमच्याकडे गौरी-गणपतीला सगळ्या बायका घेतातच, पण मला त्या गोळ्या नकोयत, मागे घेतल्या होत्या तेव्हा नंतर जी पाळी आली ती आठवली तरी अंगावर काटा येतो. म्हणून म्हटलं टॅम्पॉन वापरू, पाळीत पॅडऐवजी योनीत घालायची ती दोरावाली कापसाची गुंडाळी. या महिन्यात प्रॅक्टिस म्हणून ॲप्लिकेटर म्हणजे आत ढकलायची नळी नसलेलं पाकीट आणलं, पाळी संपत आलेली तेव्हा बाथरूममध्ये बसून खटपट केली, अर्धा आत जातो आणि मग पुढे सरकतच नाही, आग होते, आणि जेवढा गेला तेवढा ठेवून धड बसताही येईना, शेवटी काढून टाकला.

आता प्रश्न एकदमच विचारते, तो आत हरवू शकतो का म्हणजे वर पोटात वगैरे, शू करताना दर वेळी काढायचा का, रात्री घालून झोपलं तर चालतं का, आणि ते टॉक्सिक शॉक का काय ते वाचून माझी झोपच उडालीय. त्यात आईने पाकीट बघितलं, तिचं म्हणणं लग्नाआधी असलं काही आत घालायचं नसतं. मी २४ वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही, आणि एवढ्यासाठी डॉक्टरकडे जायचं म्हणजे रिसेप्शनवर चारचौघांत काय त्रास आहे ते सांगा, नकोच वाटतं.

कोथिंबीरवडी:
अगं संपत आल्यावर कशाला केलीस प्रॅक्टिस, तेव्हा आत कोरडं असतं, कोरडा कापूस घासला की आग होणारच. पुढच्या वेळी दुसऱ्या दिवशी कर, चांगलं ब्लीडिंग असतं तेव्हा आपोआप सरकतो. आणि सगळ्यात लहान साईज घे, पाकिटावर थेंब काढलेले असतात बघ, जितके थेंब कमी तितका कमी शोषणारा आणि बारीक.

दुसरं म्हणजे दिशा. बहुतेक जणी सरळ वर ढकलतात, आणि वर रस्ताच नाहीये, योनीमार्ग मागच्या बाजूला तिरका जातो, त्यामुळे माकडहाडाच्या दिशेने ढकलायचं. उभं राहून एक पाय कमोडवर किंवा उलट्या बादलीवर ठेव, नाहीतर सरळ उकिडवी बस, इंडियन टॉयलेट असेल तर उत्तमच. आधी हात साबणाने धू, नखं वाढलेली असतील तर काप. वरचं प्लॅस्टिक काढलं की दोरा मोकळा करून एकदा ओढून बघ पक्का आहे का, मग टॅम्पॉनच्या खालच्या टोकाला बोटाने थोडा दाबून खड्डा कर म्हणजे बोट टेकायला जागा होते. एका हाताने बाजूची कातडी दूर धर, दुसऱ्या हाताने टोक आत घाल, श्वास सोडता सोडता मधल्या बोटाने ढकलत ने. बोट मधल्या पेराच्या पुढे जाईपर्यंत ने गं, अर्ध्यात सोडायचं नाही. बाहेरच्या भागाला सगळं जाणवतं, आत गेल्यावर जवळजवळ काहीच जाणवत नाही. म्हणजे टोचतोय, बसता येत नाहीये, याचा अर्थ तो अजून दारातच आहे. दोरा बाहेर राहिला पाहिजे.

नाहीच जमलं तर पाण्याचा बेस असलेली जेल मिळते मेडिकलमध्ये, टोकाला एवढीशी लाव. खोबरेल तेल, व्हॅसलीन वगैरे प्रयोग नकोत. आणि बोटाने घालायचं टेन्शन येत असेल तर ॲप्लिकेटरवाला घे, महाग पडतो आणि ऑनलाईन मागवावा लागेल बहुतेक, पण पहिल्या पहिल्यांदा बरा. एका वेळी जबरदस्ती करू नकोस, दुखलं की अंग आणखी आवळतं, मग तर नाहीच जात. राहू दे म्हणायचं, चहा प्यायचा, संध्याकाळी परत बघायचं, नवीन टॅम्पॉन घेऊन, आधीचाच नाही.

निळी_छत्री:
मी तर म्हणते टॅम्पॉनच्या फंदात पडूच नकोस. अमेरिकेत एका मॉडेलचे पाय कापावे लागले टॅम्पॉनमुळे, गूगल कर. शिवाय मागे बातमी होती की टॅम्पॉनमध्ये शिसं सापडलं. कप घे, पाळीचं रक्त साठवणारा तो सिलिकॉनचा, परत परत वापरायचा, एकदा पैसे गेले की वर्षानुवर्षं बघायला नको. २०१८ मध्ये पॅड-टॅम्पॉनवरचा जीएसटी काढला म्हणून एवढा गाजावाजा झाला, तरी दर महिन्याचा खर्च काय चुकलाय का?

गायनॅक_ताई:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, विदर्भात प्रॅक्टिस करते. वरच्या कोथिंबीरवडी बाईंनी जवळजवळ सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त भीतीचं बघते कारण तीच जास्त आहे इथे.

टॉक्सिक शॉक सिंड्रोम खरा आहे, जीवघेणा होऊ शकतो, आणि फारच दुर्मिळ आहे, या तिन्ही गोष्टी एकदमच डोक्यात ठेवायच्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू, तो कित्येकांच्या नाकात, कातडीवर तसाही असतो, त्याच्या काही जाती विष तयार करतात आणि ते विष रक्तात गेलं की हे होतं. टॅम्पॉनचं नाव बदनाम झालं ते १९८० साली. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलचा रिलाय नावाचा टॅम्पॉन होता, साध्या कापसाचा नाही, आत पॉलिएस्टरचा फोम आणि कार्बॉक्सीमिथाईलसेल्युलोज, आणि प्रचंड शोषणारा. त्या एका वर्षात तिथे पाळीशी संबंधित ८०० च्या वर केसेस आणि ३८ मृत्यू नोंदले गेले, सप्टेंबरमध्ये कंपनीने माल परत घेतला. नुसत्या रिलायवाल्याच आजारी पडल्या असंही नाही, पण धडा हा मिळाला की जितका जास्त शोषणारा आणि जितका जास्त वेळ आत, तितका धोका जास्त. पुढे काही वर्षांनी तिथे किती ग्रॅम शोषतो त्यावर मापं ठरली, लाईट म्हणजे ६ ग्रॅमपर्यंत, रेग्युलर ६ ते ९, सुपर ९ ते १२ आणि पुढे, आणि केसेस खूप खाली आल्या.

म्हणजे तुमच्यासाठी नियम काय तर ४ ते ८ तासांत बदलायचा, ८ च्या वर कधीच नाही, आणि काम भागेल तेवढी लहानात लहान साईज. चार तासांनी काढला आणि अर्धा पांढराच आहे तर साईज मोठी घेतलीय. उलट दर तासा-दोन तासाला भिजून गळायला लागत असेल, आणि असं दर महिन्याला, तर मोठी साईज हा उपाय नाही, तपासून घ्या, गर्भाशयात गाठी असू शकतात, हिमोग्लोबिन घसरलेलं असतं आणि बायका वर्षानुवर्षं दम लागतोय म्हणत जिने चढत असतात. रात्री ८ तासांच्या आत उठणार असाल तर घालून झोपा, सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत लोळणार असाल तर पॅड लावा. पाळी नसताना, अंगावर पांढरं जातं म्हणून टॅम्पॉन घालणं अजिबात नाही. बाळंतपणानंतरही साधारण सहा आठवडे नाही.

लक्षणं लक्षात ठेवा, एकाएकी १०२ च्या वर ताप, उलट्या-जुलाब, उभं राहिलं की चक्कर, अंगावर उन्हाने भाजल्यासारखी लाली, अंग मोडून येणं. पाळीत टॅम्पॉन असताना असं झालं तर आधी टॅम्पॉन काढा आणि थेट हॉस्पिटल गाठा, आणि टॅम्पॉन होता हे स्वतःहून सांगा कारण आपल्याकडे डॉक्टर आधी डेंग्यूच बघणार. निळी छत्री, तुम्ही सांगितलेली त्या मॉडेलची केस खरी आहे. पण कपमध्येही टॉक्सिक शॉकच्या केसेस नोंदल्या गेल्यात, कमी आहेत, पण कप घातला म्हणजे ती लक्षणं विसरायची असं नाही. शिशाचं म्हणाल तर २०२४ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी १४ ब्रँडचे ३० टॅम्पॉन तपासले आणि त्यांत शिसं, आर्सेनिक धरून धातू सापडले हे खरंय. ते योनीतून शरीरात किती जातात हे मात्र त्या तपासणीत बघितलेलंच नव्हतं, बातम्यांनी मधली पायरी गाळली. कप छानच आहे हो, पण जिला बारीक टॅम्पॉन जमत नाहीये तिला दोन महिन्यांत कप शिकवायचा म्हणजे जरा कठीणच.

हरवण्याचं. योनीमार्ग साधारण ७ ते १० सेंटीमीटर, आणि टोकाला गर्भाशयाचं तोंड, त्याचं छिद्र इतकं बारीक की टॅम्पॉन पलीकडे जाऊच शकत नाही. दोरा आत गेला तर उकिडवं बसा, शौचाला करतो तसा थोडा जोर करा, स्वच्छ दोन बोटांनी हाताला लागतो. नाही लागला तर या आमच्याकडे, दोन मिनिटांचं काम. चिमटे वगैरे घालू नका. शूची जागा वेगळी आहे, ती टॅम्पॉनच्या पुढे, त्यामुळे काढायची गरज नाही, दोरा बाजूला धरला की झालं.

आणि आईंचा मुद्दा. योनिपटल म्हणजे काही सील नाही, त्याला मुळातच भोक असतं, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर आलंच नसतं. टॅम्पॉनने ते ताणलं जाईल, क्वचित थोडं फाटेलही, कुणाकुणाला तर काहीच होत नाही. पटल बघून कुणाचा संबंध आला की नाही हे कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नाही, म्हणून तर सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं की बलात्काराच्या केसमध्ये जो टू-फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून तपासणी, करेल तो गैरवर्तणुकीचा दोषी. आईंना हे वाचायला द्या हवं तर.

मात्र एक, जेल लावून, दुसऱ्या दिवशी, बरोबर दिशेने करूनही दर वेळी तिथेच अडकत असेल तर एकदा दाखवा. कधी पटलाला मधोमध पट्टी असते, कधी स्नायू आपोआप आवळतात, दोन्हीवर उपाय आहेत. रिसेप्शनवर फक्त 'पाळीबद्दल विचारायचंय' म्हणा, बाकी आत बोला. आणि गोळ्या, त्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतात, स्वतःला किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, लिव्हरचं काही असेल तर मेडिकलमधून परस्पर घेऊन टाकायच्या नाहीत, मग पूजा असो की पिकनिक.

डोंबिवलीची_वहिनी:
डॉक्टरताई, प्रिंट काढून आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावावं असं लिहिलंत.

मांजरे, स्कूबाचं मी सांगते, मी केलंय पाळीत. बोटीवर चढायच्या अगदी आधी नवीन घाल, किनाऱ्यावर जिथे धड बाथरूम आहे तिथेच, बोटीवर काही सोय नसते. दोरा आत खोचून घे, पाण्यात भिजतो आणि पाणी ओढतो, म्हणून परत आल्यावर वेळ झाली नसली तरी बदलून टाक. पॅड घालून पाण्यात जायचा विचारही करू नकोस, तो समुद्रच पितो सगळा. गडद रंगाची सायकलिंग शॉर्ट आत घाल, मनाला आधार. आणि ग्रुपमधला कुणीतरी शहाणा शार्क येईल म्हणून विनोद करेलच, त्याला म्हणावं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मासे दिसले तरी नशीब समज.

फक्त पहिला प्रयोग ट्रिपला करू नकोस, मधली एक पाळी आहे ना हातात, घरी नीट जमव.

भटकी_मांजर:
खूप खूप आभार सगळ्यांचे!! आईला डॉक्टरताईंचा तेवढा भाग वाचून दाखवला, ती 'बरं' म्हणाली आणि भाजी निवडायला लागली, म्हणजे परवानगीच समजते मी. अजून दोन शंका, काढताना दुखतं का, आणि तिकडे होमस्टेमध्ये वापरलेला टाकायचा कुठे, फ्लश होतो का?

कोथिंबीरवडी:
भिजलेला असेल तर सुळ्ळकन येतो, कोरडा असेल तर ओढताना चरचरतं, अंग सैल सोड आणि घातला त्याच तिरक्या दिशेने हळू ओढ. नवीन घालायच्या आधी जुना काढलाय ना हे बघ, हसू नकोस, शेवटच्या दिवशी भरपूर जणी विसरतात आणि मग आठवड्याने घाण वास यायला लागला की डॉक्टरकडे धावतात.

फ्लश अजिबात नाही, घरीही नाही. कोकणात घरोघरी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, तुझ्या एका टॅम्पॉनने त्या काकूंचा अख्खा संडास तुंबेल. जाताना जुना पेपर फाडून चौकोनी तुकडे करून घेऊन जा, गुंडाळ, होमस्टेच्या काकूंना विचार कचरा कुठे देतात, काहीच सोय नसेल तर झिपवाल्या पिशवीत घालून घरी आण. पुण्यात आम्ही गुंडाळून वर लाल पेनने ठिपका काढून वेगळा देतो, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंना उघडून बघावं लागत नाही. तू पण पुण्याचीच असशील तर पेन घेऊन ठेव.

भटकी_मांजर:
पिंपरीची, पण पेन आहे. ॲप्लिकेटरवाले मागवलेत, दुसऱ्या दिवशी ट्राय करून इथेच सांगते.