मदत हवी आहे: उंदरांच्या प्रयोगावर बाईंनी फुली मारली, उद्या सकाळी वही द्यायचीय

कोथरूडची_आई: लेकीने डीएनएच्या धड्यातला उंदरांचा प्रयोग पुस्तकातल्यासारखाच लिहिलाय. बाईंनी फुली मारून 'सिद्ध होत नाही' एवढंच लिहिलंय. काय चुकलं? लवकर सांगा, साडेसातला कॉलेज.

पर्वती_पायथा: कितवी? कुठले उंदीर? फुली नेमकी कुठल्या वाक्यावर?

चिंचवडकर: आप्पा बळवंत चौकात डीएनएच्या मॉडेलचं सामान मिळतं. थर्माकोलचे गोळे, तारा, सगळं. आमच्या चिरंजीवांना पैकीच्या पैकी.

कोथरूडची_आई: बारावी. न्यूमोनियाचे जंतू. आणि रात्री दहाला कसलं थर्माकोल!

निवृत्त_मास्तर: म्हणजे ग्रिफिथ, 1928. आवरणवाले एस जंतू टोचले की उंदीर मरतो, बिनआवरणाच्या आर जंतूंनी मरत नाही. उष्णतेने मारलेले एस आणि जिवंत आर एकत्र टोचले, तर उंदीर मेला आणि त्याच्या रक्तात जिवंत एस सापडले. मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेलं, इतकंच त्याला कळलं. शेवटचं वाक्य टाका बघू.

कोथरूडची_आई: "यावरून ग्रिफिथने डीएनए हा आनुवंशिक पदार्थ असल्याचे सिद्ध केले." फुली इथेच आहे, आत्ता पाहिलं.

निवृत्त_मास्तर: वाटलंच. ते काम एव्हरी, मॅक्लिओड, मॅकार्टी यांचं, 1944. एस जंतूंच्या अर्कातली प्रथिनं विकरांनी (एन्झाइम्सनी) नष्ट केली, तरी आर बदलून एस होतच राहिले, म्हणजे रूपांतरण चालूच. आरएनए नष्ट केला, तरी तेच. डीएनए नष्ट केला आणि रूपांतरण थांबलं.

फेजप्रेमी: पण तेव्हा पटलं किती जणांना? चारच प्रकारच्या घटकांचा डीएनए एवढं काय सांगणार, वीस अमिनो आम्लांची प्रथिनंच हवीत, असं भलेभले म्हणायचे. खरा निकाल हर्शे-चेज यांच्या प्रयोगाचा, 1952. जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या प्रथिनांवर किरणोत्सारी गंधकाची खूण, डीएनएवर किरणोत्सारी फॉस्फरसची. मिक्सर फिरवून जिवाणूंना चिकटलेली विषाणूंची टरफलं सोडवली. फॉस्फरस जिवाणूच्या आत, गंधक बहुतेक बाहेर. म्हणजे आत शिरला तो डीएनए.

निवृत्त_मास्तर: 'बहुतेक'! एव्हरीचा अर्क त्याहून शुद्ध होता. नोबेल मात्र हर्शेला, 1969 साली. एव्हरी तसाच गेला.

चिंचवडकर: मिक्सरवरून आठवलं. केळं, मीठ, भांड्यांचा साबण, गाळून वरून गार स्पिरिट. डीएनएचे पांढरे धागे डोळ्यांनी दिसतात.

कोथरूडची_आई: अहो, तिला वाक्य द्यायचंय, शिकरण नाही!

निवृत्त_मास्तर: लिहा: 'ग्रिफिथने रूपांतरण दाखवले, ते डीएनएमुळे होते हे एव्हरी व सहकाऱ्यांनी दाखवले.'

फेजप्रेमी: हर्शे-चेजशिवाय अपुरं आहे.

कोथरूडची_आई: जागा एकाच ओळीची आहे. मास्तर, धन्यवाद.

निगडी_प्राधिकरण: पुण्यात डीएनए टेस्ट कितीला होते? वाटणीची भानगड आहे.